तक्रार राखून

2024 च्या उन्हाळ्यात उजनी वजा झाली आणि पळसनाथाचं जुनं देऊळ पुन्हा उघडं पडलं. एरवी ते पाण्याच्या पोटात असतं. पाणी उतरायला लागलं की आधी शिखर वर येतं, मग मंडप, आणि फारच वाईट साल असलं तर खालची फरसबंदीही दिसते. म्हणजे आमच्या लहानपणीचं गाव बघायचं तर दुष्काळ पडावा लागतो. लांबलांबचे लोक गाड्या करून येतात, फोटो काढतात. आम्ही जुने लोक जातो ते आपला उंबरा कुठं होता ते शोधायला.

त्या दिवशी माझ्याबरोबर तात्यांचा नातू होता. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. नातू पुण्यात एका कंपनीत कामाला आहे, हुशार आहे, माणसांना धरून आहे. वाळलेल्या गाळातून चालताना ओळखीतला एक शेतकरी भेटला. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती उठली मे 2024 मध्ये. तोवर त्यानं मिळेल त्या भावाला कांदा घालून मोकळं केलं होतं. सरकारला जे बोलायचं ते तो बोलला. रान मोकळं, ऐकायला आम्ही दोघंच, त्यामुळं आवाज चढवून बोलला. तो पुढं गेल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, अशी माणसं देशद्रोही असतात. खातात इथलं आणि नावं ठेवतात इथल्याच सरकारला."

मी लगेच काही बोललो नाही. शब्द ओळखीचा होता. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी तो आमच्या घरात येऊन गेला होता. आणि तो घरात आणला होता याच पोराच्या आजोबांनी.

आमच्या आबांच्या तोंडून 'देशभक्ती' हा शब्द मी कधी ऐकला नाही. पण 1965 सालची एक गोष्ट सांगतो. पाकिस्तानशी युद्ध, धान्याची टंचाई, बाहेरून येणारा लाल गहू. शास्त्रीजींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं आणि पुष्कळांनी सोमवारची रात्र धरली. आमच्याकडं पंचाईत झाली. सोमवार हा पळसनाथाचा. आबा दिवसभर उपाशी राहायचे आणि दिवेलागणीनंतर सोमवार सोडायचे. आता सोडायची वेळ आणि शास्त्रीजींनी जेवू नका म्हणून सांगितलेली वेळ एकच आली. आई म्हणाली, "म्हादेवाचा सोडा न्हाईतर शास्त्रीजींचा सोडा, पर एकाचा तरी सोडा." आबांनी दोघांचाही धरला. मंगळवारी सकाळी औत जुंपायच्या आधी भाकरी खायचे. पुढं जानेवारी 1966 मध्ये शास्त्रीजी ताश्कंदला वारले, तरी आबांचं ते चालूच राहिलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सांगणारा गेला म्हून सांगणं जातंय व्हय?"

अशा माणसाला पुढं दहा वर्षांनी भर सभेत देशद्रोही म्हटलं गेलं.

धरण तसं आमच्यापासून लांब. माढा तालुक्यात उजनी गावापाशी भीमेला आडवी भिंत पडली. काम 1980 ला पुरं झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. मागं फुगणारं पाणी इंदापूर, करमाळा, दौंड असं कुठवर आलं ते भिगवणच्या पुलावरून आजही दिसतं. जलाशयाला यशवंतसागर नाव दिलं. त्या सागराखाली गेलेल्या गावांत आमचं पळसदेव एक. गाव उठून वर पुणे-सोलापूर रस्त्याला आलं. पळसनाथाची पिंड नव्या देवळात आणून बसवली. जुनं देऊळ तिथंच राहिलं.

आबा धरणाच्या विरोधात नव्हते, हे आधी सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात आबा आणि आई दोघांनी रस्त्यावर खडी फोडली होती. पाणी नसणं म्हणजे काय हे त्यांना भाषणातून कळायचं नव्हतं. "सोलापूरकडच्या लोकांस्नी पाणी मिळतंय ना, मिळू द्या," असं ते म्हणायचे. त्यांचं म्हणणं दोनच गोष्टींचं होतं. पाणी चढायच्या आधी बदली जमीन दाखवा. आणि आमची चार एकर मळईची जमीन, जिच्यात विहीर आहे, इंजिन आहे, ती पंचनाम्यात जिरायत लिहिली आहे तेवढं दुरुस्त करा. कोयनेच्या लोकांचे हाल साऱ्या महाराष्ट्रानं पाहिले होते. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा त्याच काळात गावोगाव पोचली. बाबा आढाव, दत्ता देशमुख अशी माणसं धरणग्रस्तांसाठी फिरत होती. त्या वाऱ्यानं आमच्या देवळातही सभा भरली.

त्या सभेत तात्या उभे राहिले. तात्या फौजेतून पेन्शन घेऊन आलेले. 1962 ला ईशान्य सीमेवर होते. गावात त्यांचा शब्द वजनदार. ते आबांकडं बघून म्हणाले, "दादा, आमी देशासाठी बर्फात हुबं ऱ्हायलो. तुमच्यानं चार एकर देववंना? धरान देशाचं हाय. सरकारच्या इरोधात आर्ज करनं म्हंजे देशद्रोह हाय."

देऊळ गप्प झालं. थोरल्या भावाला धाकटा भाऊ चारचौघांत असं बोलल्याचं गावानं कधी ऐकलं नव्हतं. आबा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "आर्ज सरकारच्या इरोधात न्हाई रं. आर्ज सरकारकडं हाय."

त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. दिवाळीला ताट गेलं नाही, आलं नाही. गाव उठलं तेव्हा दोघा भावांच्या बैलगाड्या एकामागं एक होत्या, पण एकानं दुसऱ्याच्या गाडीला हात लावला नाही.

आता माझं सांगतो. आमचा निवाडा झाला तो आणीबाणीत. मी नुकताच प्राथमिक शाळेवर लागलो होतो, तोही तात्पुरता. भूसंपादनाचा कायदा इंग्रजांचा, 1894 सालचा. तोच 2013 पर्यंत चालला. त्यात एक सोय होती. मोबदला कमी वाटला तर पैसे नाकारायची गरज नव्हती. पैसे घेताना 'तक्रार राखून' असं नोंदवायचं आणि ठरल्या मुदतीत कलम 18 खाली अर्ज द्यायचा. मग प्रकरण दिवाणी न्यायालयात जाई आणि तिथं वाढीव मोबदला मागता येई. पण तक्रार न राखता मुकाट्यानं पैसे उचलले की तो दरवाजा बंद. दोनच शब्द, पण त्यांची किंमत मोठी.

ते शब्द मला ठाऊक होते. शेजारच्या गावातल्या वकिलाच्या कारकुनानं आबांनाही सांगितले होते. मोबदला घ्यायच्या दिवशी आबा मला म्हणाले, "तू शिकल्याला हायस. तेवढं दोन शब्द पावतीवं लिव्ह, मी खाली सही करतो." माझं अक्षर म्हणजे माझी ओळख. मी मास्तर, सरकारी नोकर. सभा-मोर्चे बंद, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, कोण कधी उचलला जाईल नेम नाही अशी हवा. मी आबांच्या कानात म्हणालो, "आबा, दिवस बरे नाहीत. नुसती सही करा. सरकारचं काम आहे, देशाचं काम आहे."

आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि नुसती सही केली.

ज्यांनी शेरा मारला त्यांतले काहीजण न्यायालयात गेले आणि बऱ्याच वर्षांनी का होईना, त्यांची रक्कम वाढून आली. आमची आली नाही. आमची बागायत कागदावर जिरायतच बुडाली. ज्या इंग्रजांना आम्ही परके म्हणून घालवलं, त्यांच्या कायद्यातसुद्धा रयतेला तक्रारीपुरती जागा ठेवलेली होती. ती जागा माझ्या बापाला मी वापरू दिली नाही.

पुष्कळ वर्षांनी, आजारपणात, आबांनी मला एकदाच विचारलं, "त्या दिशी तू गप ऱ्हायाला सांगितलंस ते माझ्यासाठी का तुझ्यासाठी?" मी आबांचे पाय दाबत होतो. दाबत राहिलो. देशाचं नाव घेऊन मी सांगितलं होतं खरं, पण आबांनी विचारताना देशाचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

तेव्हापासून या प्रश्नाकडं मी दुरून बघू शकत नाही. सरकारला बोलणं देशभक्तीचं की देशद्रोहाचं, असं कुणी विचारलं की मला आधी उलटा प्रश्न सुचतो. गप्प बसणं कशाचं होतं? माझं तरी भीतीचं होतं. भीतीला तिरंग्यात गुंडाळलं की ती घेऊन चारचौघांत ताठ मानेनं फिरता येतं, एवढाच फायदा.

ज्या डिसेंबरात मी शाळेच्या रजिस्टरावर मान खाली घालून बसलो होतो, त्याच डिसेंबरात, 1975 साली, कराडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. ज्यांच्या नावाचं पाणी आमच्या गावावर चढलं तेच यशवंतराव, आणि तेव्हा ते केंद्रात मंत्री. त्यांच्या समोर दुर्गाबाईंनी आणीबाणीवर बोलायचं ते बोललं आणि तुरुंगवासातून आजारी होऊन सुटलेल्या जयप्रकाशांसाठी साऱ्या मंडपाला प्रार्थनेला उभं केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. त्या बाईंनी उभा जन्म इथल्या लोककथा, इथल्या चालीरीती, इथली झाडंपानं यांच्यावर लिहिण्यात घालवला. देशावर त्यांच्यापेक्षा माझं प्रेम जास्त होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या भाषेत दोन शब्द वेगळे आहेत ते उगीच नाहीत. राजद्रोह आणि देशद्रोह. टिळकांवर 1897 ला आणि 1908 ला चालले ते राजद्रोहाचे खटले. पहिल्यात दीड वर्ष सक्तमजुरी, दुसऱ्यात सहा वर्षं मंडाले. पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत चाललेल्या जुलमाबद्दल त्यांनी सरकारला खडसावलं. सरकारचं डोकं ठिकाणावर आहे का, हा त्यांचा सवाल तर म्हणीसारखा झाला. कोर्टानं त्यांना राजद्रोही ठरवलं, पण महाराष्ट्रातल्या एकाही शेंबड्या पोरानं त्यांना देशद्रोही म्हटलं नाही. राजा वेगळा, देश वेगळा, हे तेव्हा अंगठेबहाद्दरालाही कळत होतं.

यावर कुणी म्हणेल, ते सरकार परक्याचं होतं. आताचं आपलं आहे. ही शंका खरी आहे आणि तात्याही हेच म्हणायचे. पण मला वाटतं, आपलं असण्यानं बोलण्याचा हक्क कमी होत नाही, वाढतो. शेजारच्याच्या वाड्याची भिंत कलली तर आपण एकदा सांगून गप्प बसतो. आपल्या भिंतीला फुगारा आला तर रात्री झोप लागत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात 1921 साली रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणावर सत्याग्रह केला. त्यात पुढं सेनापती बापट उतरले. तेव्हाही, वीज होईल, उद्योग वाढतील, देशाचं भलं आहे, मावळे हट्टी आहेत, असं म्हणणारे आपलेच शिकले-सवरलेले लोक होते. मावळ्यांच्या जमिनी गेल्याच. पण सेनापतींच्या देशभक्तीचं माप कुणी धरणाच्या भिंतीवरून घेत नाही.

तात्यांची बाजू मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. समोर शत्रू असताना मागून आपलीच माणसं कुरकुरायला लागली तर पुढच्याचे हात ढिले पडतात, असं ते म्हणत. फौजेत हुकूम म्हणजे हुकूम, आणि तिथं ते बरोबरच आहे. पण तात्याच आम्हा पोरांना सांगायचे, की बर्फात त्यांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते आणि अंगात सुती कपडे. मग दिल्लीत काय झालं? युद्ध चालू असतानाच लोकांनी, खासदारांनी, सरकारच्याच पक्षातल्यांनी असा सूर धरला की संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं, आणि त्या जागी यशवंतराव गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण अभिमानानं म्हणतो. पण सह्याद्रीला बोलावणं गेलं ते सरकारला बोल लावल्यावर, हे मात्र सोयीनं विसरतो. पुढच्या हिवाळ्यात तात्यांच्या अंगावर गरम कोट आला. तो टोचून बोलणाऱ्यांच्या पुण्याईनं आला, असं मी एकदा म्हणालो तर तात्या बराच वेळ तंबाखू चोळत बसले.

आणखी एक योगायोग. त्याच 1962 सालात सर्वोच्च न्यायालयानं केदारनाथ सिंह खटल्यात सांगून ठेवलं, की सरकारवर कितीही कडक टीका केली तरी, हिंसेची चिथावणी किंवा अव्यवस्था माजवण्याचा हेतू नसेल तर, तो राजद्रोह होत नाही. मे 2022 मध्ये न्यायालयानं ते कलमच स्थगित ठेवायला सांगितलं. जुलै 2024 पासून नवी संहिता आली. राजद्रोह हा शब्द गेला, कलम 152 आलं. वेगळ्या कपड्यात तेच आहे की काय, यावर जाणकारांचे वाद चालू आहेत. पण सरकारच्या कामाबद्दल नापसंती दाखवून कायद्याच्या मार्गानं बदल मागणं हा गुन्हा नाही, एवढं त्याच्या स्पष्टीकरणातही आहे. आबा बिनशिकलेले होते, पण "आर्ज सरकारकडं हाय" यात त्यांनी हेच सांगितलं होतं.

म्हणून सगळंच बोलणं देशभक्तीचं, असंही मी म्हणत नाही. पाराखाली बसून सकाळ-संध्याकाळ सरकारला शिव्या देणं ही एक करमणूक आहे. तिला दाम पडत नाही. आमच्याकडं मोजणीच्या वेळी काय झालं ते सांगतो. काही हुशार लोकांनी रातोरात पेरूच्या आणि डाळिंबाच्या फांद्या जमिनीत खोचल्या, म्हणजे पंचनाम्यात फळझाडं लागतील. एक-दोघांना लागलीही. आणि सभेत 'सरकार मायबाप' म्हणून सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवणारे त्यांतच होते. आबांनाही कुणी तो सल्ला दिला होता. आबा म्हणाले, "हाय ती हीर लिव्हंनात, आन् न्हाईत ती झाडं लिव्हून घेऊ व्हय?" मला विचाराल तर देशाशी द्रोह केलाच असेल तर त्या फांद्यांनी केला. तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणणाऱ्यानं नाही. माझा ठोकताळा साधा आहे. बोलणारा आपल्या नावानं बोलतो का, खरं तेवढंच बोलतो का, आणि बोलण्यापायी स्वतःचं काही घालवायची त्याची तयारी आहे का. अर्जाखाली सही असते. शिवीखाली नसते.

आता तात्यांचा शेवट. पुनर्वसनात त्यांना लाभक्षेत्रात जमीन मिळाली. तक्रार न करता मिळेल ती घेतली. तिथं गेल्यावर मूळ मालक बांधावर काठ्या घेऊन उभा. कसाबसा ताबा मिळाला तर पाटाची चारी अर्ध्यात फुटलेली. जमीन पाण्यासाठी दिलेली, आणि पाणी तेवढं नाही. तात्या एक दिवस जुना फौजी कोट घालून, बिल्ले लावून कचेरीत गेले. त्यांना वाटलं, फौजी माणूस, खुर्ची तरी देतील. दुपारपर्यंत दारात उभं केलं आणि साहेब बाहेर गेलेत म्हणून परत पाठवलं.

त्या रात्री तात्या आमच्या घरी आले. किती वर्षांनी! आबा ओट्यावर होते. तात्या त्यांच्याशी काही बोलले नाहीत, मलाच म्हणाले, "मास्तर, कागद घ्या. आर्ज लिव्हायचाय." आबा उठून आत गेले आणि कंदील घेऊन आले. माझ्या शेजारी धरून उभे राहिले. या वेळी मी लिहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलं, एकही शब्द मवाळ केला नाही. लिहून झाल्यावर तात्या म्हणाले, "शेवटी 'जय हिंद' लिव्हा." मी लिहिलं. तात्यांनी सही केली, खाली हुद्दा घातला. आबा आत बघून म्हणाले, "दोन ताटं करा."

त्या अर्जाची नक्कल माझ्या ट्रंकेत आहे. देवळाकडून परत आल्यावर मी ती नातवाच्या हातात दिली. आधी त्यानं सही ओळखली. मग सगळं वाचलं. वाचायला त्याला वेळ लागला, कारण कार्बनची शाई पार विटली आहे.

"मग पाणी आलं का?" त्यानं विचारलं.

"आलं," मी म्हणालो. "चौथ्या अर्जाला."

त्यानं कागद होता तसाच घडी घालून दिला. देशद्रोहाबद्दल तो काही बोलला नाही, मीही विषय काढला नाही. तिन्हीसांजा झाल्या होत्या. आज त्याच बुडालेल्या गावाच्या पाण्यावर आमचा ऊस उभा आहे, मोटारी चालतात, दिवे लागतात. धरणानं दिलं ते मी नाकारत नाही. घेतो, पण तक्रार राखून घेतो.